दिवाणखान्यातील सागर

समुद्राचे पाणी घागरीत भरून घरी आणले तर चार दिवसांत त्यास कुबट वास येऊ लागतो; त्यात एखादा जीव असेल तर तो त्याहूनही आधी मरतो. खडपातल्या डबक्यातून रंगीत मासा उचलून आणणाऱ्या कोकणातल्या कोणत्याही मुलाला हा अनुभव असतो. समुद्रात जे पाणी युगानुयुगे ताजे राहते, ते चार भिंतींच्या आत येताच का मरते? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास एकोणिसावे शतक अर्धे सरावे लागले, आणि ते पुरते कळावयास आणखी सव्वाशे वर्षे गेली. आज घराच्या कोपऱ्यात काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढविणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्या या छंदाचा इतिहास मात्र एखाद्या प्रयोगशाळेत सुरू झालेला नाही.

प्रारंभीचा मान झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच स्त्रीस द्यावा लागतो. कपडे शिवण्याचा व्यवसाय करणारी ही स्त्री विवाहानंतर सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेली. आर्गोनॉट नावाचा अष्टपाद आपला कागदासारखा पातळ शिंपला स्वतः बनवितो की दुसऱ्याचा बळकावितो, असा वाद त्या काळी प्राणिशास्त्रज्ञांत होता. तो सोडविण्यासाठी तिने १८३२ च्या सुमारास काचेची पात्रे करविली, त्यांत जिवंत आर्गोनॉट ठेवले, आणि शिंपला तो स्वतःच बनवितो हे सिद्ध केले. परंतु मेसिनाचा समुद्र तिच्या दाराशीच होता. पाणी जुने झाले की नवे आणता येई. समुद्रापासून दूर, तेच पाणी टिकवून जीव जगविण्याचा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहिला नाही.

तो प्रश्न उभा राहिला लंडनमध्ये, तोही योगायोगाने. अ‍ॅना थिन ही वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे सब-डीन लॉर्ड जॉन थिन यांची पत्नी. (इंग्लंडच्या चर्चमध्ये धर्मगुरू विवाह करतात, हे येथे लक्षात ठेवावे.) या बाईंना भूशास्त्राची आवड होती, आणि दगडात अश्म झालेले प्रवाळ त्यांच्या परिचयाचे होते. १८४६ साली डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे त्या गेल्या असता तेथील खडकांवर त्यांना जिवंत प्रवाळ दिसले. ज्याचे केवळ मृत रूप ठाऊक, तो जीव समोर पाकळ्यांसारखे हात पसरून बसलेला पाहून त्यांना राहवले नाही. त्यांनी काही प्रवाळ लंडनला नेण्याचे ठरविले. गाडीच्या हिसक्यांनी ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून बाईंनी सुई-दोरा घेऊन ते एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि तो स्पंज समुद्राचे पाणी भरलेल्या बरणीत ठेवला. प्राणिशास्त्राच्या इतिहासात सुई-दोऱ्याचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

लंडनला आल्यावर खरी अडचण सुरू झाली. किनाऱ्याहून पाणी मागविणे खर्चाचे आणि वेळखाऊ. तेव्हा बाईंनी असलेलेच पाणी ताजे करण्याची युक्ती काढली. उघड्या खिडकीपुढे उभे राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. आपल्याकडे कढत दूध निवविताना करतात तसेच हे. मात्र हे काम घटका-दीड घटका चाले, आणि ते बाई स्वतः करीत नसत. त्यांची मोलकरीण करी. या प्रयोगाच्या हकिकती सांगणारे तिचा उल्लेख केवळ ‘मोलकरीण’ एवढाच करतात. तिचे हात थकले असते तर घरगुती सागराचा हा इतिहास पहिल्याच महिन्यात आटोपला असता.

पुढील वर्षी, १८४७ मध्ये, बाईंनी पाण्यात समुद्रशैवल ठेवून पाहिले. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडते हे रसायनशास्त्रास ठाऊक झाले होते. त्या ज्ञानाचा त्यांनी समुद्राच्या पाण्यासाठी उपयोग केला. भांड्यांतील जीव टिकले. त्यांचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, इतकेच नव्हे तर वाढले. बाईंनी हे सर्व प्रसिद्ध केले ते मात्र १८५९ साली. तोवर इतरांची नावे झाली होती.

त्यांपैकी एक रॉबर्ट वॉरिंग्टन. औषधविक्रेत्यांच्या संस्थेतील या रसायनज्ञाने १८४९ मध्ये काचेच्या पात्रात गोडे पाणी, दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजू लागली, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पाने खात आणि त्यांची अंडी मासे खात. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग जाहीर केला. दुसरे फिलिप हेन्री गॉस. अत्यंत कर्मठ अशा प्लिमथ ब्रदरन पंथाचे हे गृहस्थ बायबल आणि भरतीचे डबके दोन्ही सारख्याच निष्ठेने वाचीत. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. त्यासाठी गॉस यांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरून जीव पुरविले. १८५४ मध्ये त्यांचा ‘अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला आणि हा शब्द घरोघर गेला. त्याच वर्षी त्यांनी साधे मीठ, एप्सम मीठ, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची क्लोराइडे अशा चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती प्रसिद्ध केली. इंदूर किंवा हैदराबादसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात आज कोणी पुडीतील मीठ नळाच्या शुद्ध पाण्यात विरघळवून सागर निर्माण करतो, तेव्हा तो त्याच कृतीच्या वंशजाचा उपयोग करीत असतो.

काळही अनुकूल होता. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला होता, म्हणून काच स्वस्त झाली होती. आगगाडीने किनारा जवळ आला होता. मध्यमवर्गीय घरांत काचेच्या टाकीचे वेडच पसरले. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड याने समुद्रजीवांचे व समुद्राच्या पाण्याचे दुकान थाटले. आणि मग, वेड जसे आले तसे गेले. जे. जी. वुड या पाद्री-निसर्गलेखकाने १८६८ मध्ये या वेडाची आठवण सांगताना बहुतेक टाक्या कधीच टाकून दिल्या गेल्याचे नमूद केले आहे. कारण उघड आहे: लोक एका टाकीत हवे ते सारे कोंबीत, एक जीव मरे, पाणी सडे, आणि दुसऱ्या दिवशी सगळाच सागर खिडकीतून ओतून द्यावा लागे.

किनाऱ्याची झालेली हानी मात्र ओतून देता येण्याजोगी नव्हती. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत त्याचे चित्र आहे. लहानपणी ज्या डबक्यांत समुद्रपुष्पांची बाग फुललेली पाहिली, ती डबकी पुढे संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून ओस पाडली. आणि आपल्याच पुस्तकांनी हे घडविले याची खंत वडिलांस होती, असे ते सांगतात. एका भाविक माणसाने सृष्टीकर्त्याच्या गौरवार्थ लिहिलेल्या पुस्तकांचा हा परिणाम व्हावा, हे विचित्रच.

लॉइड मात्र चिकाटीचा निघाला. १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे त्याने मत्स्यालय उभारले, त्यात प्रदर्शनाच्या टाक्यांच्या पाचपट पाणी तळघरातील अंधाऱ्या हौदात साठविले होते, आणि ते पंपाने सतत फिरत राही. अनुभवाने त्याला उमगले होते की पाणी बदलावयाचे नसते, फिरवावयाचे असते. ते का, हे विज्ञानाने पुढे सांगितले. प्राण्यांच्या मलमूत्रातून व कुजण्यातून अमोनिया निघतो आणि तो विषारी असतो. त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. मरणारी टाकी प्राणवायूच्या अभावी मरत असेल तितकीच या अदृश्य सफाईकामगारांच्या अभावी मरत होती. म्हणूनच आजचा जाणता हौशी माणूस टाकीत पाणी व दगड घालून कित्येक आठवडे ती तशीच ठेवतो, जिवाणू वसू देतो, आणि मगच पहिला मासा सोडतो. नव्या घरात आधी घरकामाची सोय लागावी, मग पाहुणे यावेत, तसे हे आहे.

तरी उष्ण समुद्रातील प्रवाळभित्ती घरात आणणे हे निराळेच प्रकरण होते. थिनबाईंचे प्रवाळ लंडनच्या मंद उजेडात जगले, कारण ती थंड समुद्रातील, एकेकटी राहणारी जात होती. ती केवळ पकडलेल्या अन्नावर जगते. भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात मात्र एकपेशीय शैवल वास करतात. जर्मन शास्त्रज्ञ ब्रँट यांनी १८८१ मध्ये त्यांस ‘झूक्सँथेला’ हे नाव दिले. हे शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानास देतात. तेव्हा अशा प्रवाळास दिवाणखान्यात ठेवावयाचे तर विषुववृत्तावरचे ऊनही आणावे लागते.

जाकार्ताचे ली चिन एंग यांच्याकडे ते ऊन होते. त्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली: समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे, आणि जीवजंतूंसह उचललेले समुद्रातील सच्छिद्र दगड. गाळणी नाही की यंत्र नाही. या दगडांतच सफाईचे जिवाणू राहतात, ही गोष्ट पाश्चात्त्य हौशी मंडळींना पटावयास दोन दशके लागली. पुढे १९७० च्या दशकापासून बर्लिनच्या हौशी मंडळींनी तीत भर घातली. तीव्र विद्युत्प्रकाश आणला. बुडबुड्यांच्या फेसावर घाण चढवून ती बाहेर काढणारे उपकरण जोडले. पावसाळ्यात किनाऱ्यावर साचणारा पिवळट फेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे तत्त्व सांगावयास नको. आणि प्रवाळाच्या सांगाड्यास चुना लागतो म्हणून पीटर विल्केन्स यांनी पाण्यात घालावयास सांगितली ती चक्क चुन्याची निवळी!

आपल्या बाजूस पाहिले तर मुंबईत १९५१ साली चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. मालवणच्या आणि गोव्यातील ग्रँड बेटाच्या आसपास प्रवाळ आहेत. परंतु तेथून एक तुकडाही घरी आणता येत नाही. भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीत. काही जणांस हे जाचक वाटते. गॉस यांची ओस डबकी आठवली तर तसे वाटणार नाही. शिवाय समुद्रावरील संकट आता संग्राहकांपुरते राहिलेले नाही. १९९८ साली पाणी तापल्याने लक्षद्वीपच्या प्रवाळांनी आपले शैवल टाकले, ते पांढरे पडले आणि मोठ्या प्रमाणावर मेले.

परदेशातील हौशी लोक हल्ली समुद्रास हात न लावता पुष्कळदा एकमेकांच्या टाकीतूनच प्रवाळ घेतात. उसाचे बेणे लावावे तसा फांदीचा लहानसा तुकडा तोडून दगडावर चिकटवितात, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा नवा गुच्छ होतो. थिनबाईंनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाचा विषयही प्रवाळांची वाढ हाच होता.