खिशातील संगीताचा दर्जा : सुधारणा कोणत्या क्रमाने करावी?

सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ‘वॉकमन’ विक्रीस आणला आणि संगीत ही चालता-फिरता, एकट्याने ऐकण्याची गोष्ट झाली. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड जाहीर केला. कॅसेटची जागा ५ गिगाबाइटच्या हार्ड डिस्कने घेतली. मे २०२२ मध्ये आयपॉडची मालिका संपुष्टात आल्याचे ॲपलने जाहीर केले. आज बहुतेकांचा म्युझिक प्लेयर म्हणजे मोबाइल फोनच होय. चोखंदळ श्रोत्यांसाठी स्वतंत्र प्लेयर मात्र अजूनही बनवले जातात.

साधन बदलले, तरी श्रोत्याचा प्रश्न तोच राहिला आहे. आवाज अधिक स्पष्ट, भरीव आणि नैसर्गिक व्हावा यासाठी पैसे नेमके कशावर खर्च करावेत? दुकानात या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा ‘महाग प्लेयर’ असे मिळते. ध्वनीचे शास्त्र मात्र वेगळा क्रम सांगते. तो क्रम चुकला, तर हजारो रुपये खर्चूनही कानाला फरक जाणवत नाही.

ध्वनीची साखळी

खिशातील संगीत कानापर्यंत पाच टप्प्यांतून पोहोचते. पहिला टप्पा मूळ ध्वनिमुद्रणाचा आणि दुसरा ते साठवणाऱ्या फाइलचा. तिसऱ्या टप्प्यात फाइलमधील आकड्यांचे विद्युत् संकेतात रूपांतर होते. हे काम करणाऱ्या भागाला ‘डॅक’ म्हणतात. चौथ्या टप्प्यात ॲम्प्लिफायर त्या संकेताला बळ देतो. पाचव्या टप्प्यात हेडफोन किंवा इयरफोन त्याच्यापासून हवेतील कंपने निर्माण करतो.

यांतील पहिला आणि शेवटचा टप्पा ध्वनीवर सर्वाधिक परिणाम करतात. मधले तीन टप्पे आजच्या साध्या उपकरणांतही बहुधा पुरेसे चांगले असतात. दोन चांगल्या प्लेयरमधील फरक ओळखण्यास कान टवकारावे लागतात, तर दोन हेडफोनमधील फरक नवख्या माणसालाही पहिल्या मिनिटात कळतो.

मूळ ध्वनिमुद्रण

जे मुळात ध्वनिमुद्रित झाले नाही, ते कोणतेही उपकरण परत आणू शकत नाही. केसरबाई केरकर किंवा मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे गायन ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर उतरले, त्यांच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच मुद्रण मावत असे. त्या काळच्या यंत्रणेत वरच्या वारंवारतेचे ध्वनी फारसे टिकत नसत आणि सुईची खरखर अटळ होती. अशा तबकडीची ‘हाय-रिझोल्यूशन’ फाइल विकत घेतल्याने आवाजाची कक्षा रुंदावत नाही.

मात्र त्याच तबकडीची दोन डिजिटल रूपांतरे एकमेकांपासून फार वेगळी असू शकतात. स्वच्छ प्रत, योग्य सुई आणि नेमका वेग वापरून केलेल्या रूपांतरात गायकाचा मूळ स्वर टिकतो. खरखर काढण्याचा अतिरेक झाला, तर तिच्याबरोबर आवाजातील धार आणि तंबोऱ्याची आसही नाहीशी होते. जुने नाट्यसंगीत वा ख्यालगायन ऐकणाऱ्याने म्हणून उपकरणाआधी एकाच पदाच्या दोन-तीन उपलब्ध आवृत्त्या ऐकून पाहाव्यात. पुष्कळदा हीच सर्वांत मोठी आणि बिनखर्चाची सुधारणा ठरते.

फाइलचे स्वरूप

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची वारंवारता अचूक टिपता येते, असा या तंत्राचा नियम आहे. सीडीत म्हणून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी सामावतो. माणसाच्या श्रवणाची मर्यादा २०,००० हर्ट्झ मानली जाते आणि वयोमानाप्रमाणे ती खाली येते. १६ बिटमुळे मिळणारा सुमारे ९६ डेसिबलचा पल्लाही घरगुती श्रवणास पुरेसा असतो.

असंकुचित सीडी-दर्जाच्या एका तासाच्या संगीतास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. ३२० केबीपीएसची एमपी-३ फाइल १४४ मेगाबाइटमध्ये, तर १२८ केबीपीएसची सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये मावते. एमपी-३ पद्धतीत कानाला जाणवण्याची शक्यता कमी असलेला भाग कायमचा वगळला जातो. फ्लॅक आणि ॲपलच्या अलॅक या पद्धती काहीही न गमावता फाइल लहान करतात. १२८ केबीपीएसवर टाळ, झांज आणि टाळ्यांचा ध्वनी अनेकदा चुरचुरीत व पोकळ होतो. ३२० केबीपीएसवर मात्र मूळ मुद्रणाशी तुलना करून फरक सांगणे बहुतेक श्रोत्यांना कठीण जाते.

एमपी-३ फाइल फ्लॅकमध्ये बदलल्याने गमावलेला भाग परत येत नाही. केवळ जागा अधिक व्यापली जाते. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाइलला असंकुचित रूपात तासाला चार गिगाबाइटहून अधिक जागा लागते. तिचा ऐकण्यातील लाभ मात्र सिद्ध करणे अवघड आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचे मुद्रण थेट आणि सीडीच्या दर्जावर उतरवून, अशा दोन्ही प्रकारे ऐकवण्यात आले. ५०० हून अधिक चाचण्यांत अचूक उत्तरांचे प्रमाण नाणेफेकीइतकेच निघाले. साठवणीसाठी सीडी-दर्जाची फ्लॅक आणि प्रवासासाठी चांगल्या दर्जाची एमपी-३ वा एएसी, एवढी तरतूद म्हणूनच पुरेशी ठरते.

इयरफोन कानात नीट बसणे

नवा इयरफोन घेण्यापूर्वी हाती असलेला कानात नीट बसतो का, हे पाहणे आवश्यक आहे. कानाच्या आत बसणाऱ्या इयरफोनची रबरी टोपी कर्णनलिका पूर्ण बंद करत नसेल, तर खर्जातील ध्वनी बाहेर निसटतो. पखवाज व डग्ग्याची घुमारी नाहीशी होते आणि आवाज पातळ, कर्कश वाटतो. श्रोता मग आवाज वाढवतो आणि कर्कशपणाही वाढतो. वेगळ्या मापाच्या किंवा फोमच्या टोप्या अल्प किमतीत मिळतात. दोन्ही कानांची मापे सारखी असतीलच असे नाही; प्रत्येक कानासाठी निराळे माप लागू शकते.

प्रवासातील श्रोत्याला ही घट्ट बसणारी टोपी आणखी एका कारणाने उपयोगी पडते. बस वा फेरीबोटीच्या इंजिनाची घरघर मुख्यतः खालच्या वारंवारतेची असते आणि नेमके तेच स्वर ती झाकून टाकते. बाहेरचा आवाज रोखला गेला, तर संगीत कमी पातळीवरही स्पष्ट ऐकू येते. गोंगाटरोधक हेडफोन उलट स्वरूपाची ध्वनिलहर निर्माण करून हीच घरघर कमी करतात. याउलट, मागून उघडे असलेले हेडफोन घरातील शांततेत मोकळा आणि प्रशस्त ध्वनी देतात; रस्त्यावर मात्र ते निरुपयोगी ठरतात. ऐकण्याची जागा कोणती, हे ठरवल्यावरच हेडफोन निवडणे श्रेयस्कर.

हेडफोनचा स्वभाव आवडला, पण खर्ज अधिक वा तारस्वर तीक्ष्ण वाटले, तर प्लेयरमधील इक्वलायझर कामी येतो. एखादा पट्टा वाढवण्याऐवजी खटकणारा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवणे चांगले. वाढवायचाच असेल, तर एकूण पातळी तेवढीच आधी खाली आणावी. अन्यथा मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी फाटतो.

डॅक आणि ॲम्प्लिफायर केव्हा लागतो?

ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक काढून टाकला. पुढे इतर अनेक कंपन्यांनीही तसे केले. त्यानंतर यूएसबीला जोडायचे छोटे डॅक लोकप्रिय झाले. त्यांतील अनेकांत डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच इवल्याशा खोक्यात वा ॲडॉप्टरमध्ये असतात. खरेदी करताना एक बाब तपासावी. काही अतिस्वस्त ॲडॉप्टरमध्ये डॅक नसतोच. फोनमध्ये तशी अंतर्गत सोय असेल तरच ते चालतात.

स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरज हेडफोनचे दोन आकडे पाहून ठरते. पहिला इम्पिडन्स, म्हणजे विद्युत् अवरोध. बहुतेक इयरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात आणि फोनवर सहज चालतात. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन अधिक व्होल्टेज मागतो. फोनवर त्याचा आवाज लहान राहू शकतो. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा. १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा हेडफोन जेवढा वाजेल, तेवढेच वाजण्यास ९० डेसिबल देणाऱ्या हेडफोनला दसपट शक्ती लागते.

उलट अडचणही संभवते. काही संवेदनशील इयरफोनचा अवरोध वारंवारतेनुसार बदलत जातो. प्लेयरचा स्वतःचा अवरोध अधिक असेल, तर अशा इयरफोनचा स्वरसमतोल बिघडतो. प्लेयरचा अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, हा त्यावरील प्रचलित ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इयरफोनसाठी तो २ ओहमपर्यंत असणे इष्ट.

आवाज पुरेसा मोठा होत असेल, मोठ्या पातळीवर फाटत नसेल आणि शांत जागी मागे सूं-सूं ऐकू येत नसेल, तर नवा डॅक वा ॲम्प्लिफायर घेण्याचे सबळ कारण उरत नाही. वायरीबाबतही तेच म्हणता येते. सैल पिन वा तुटकी वायर बदलावी. चांगल्या स्थितीतील साध्या वायरीच्या जागी महाग वायर लावून ऐकण्यात फरक पडावा, असे कारण विद्युत्शास्त्रात सहसा सापडत नाही.

ब्लूटूथची बाजू

वायरविरहित इयरफोनमध्ये डॅक आणि ॲम्प्लिफायर इयरफोनच्या आतच असतात. फोन केवळ संकुचित केलेली माहिती पाठवतो. म्हणून ब्लूटूथवर ऐकणाऱ्याने वेगळा डॅक घेणे व्यर्थ होय. माहिती पाठवण्याच्या पद्धतीस ‘कोडेक’ म्हणतात. एसबीसी ही सर्वत्र चालणारी मूळ पद्धत आहे. सोनीची एलडॅक अनुकूल स्थितीत ९९० केबीपीएसपर्यंत जाते. कोडेक फोन आणि इयरफोन या दोहोंत असावा लागतो. आयफोन एसबीसी आणि एएसी वापरतो. त्यावर एलडॅकच्या नावाखाली अधिक पैसे मोजून उपयोग नाही.

तुलना कशी करावी?

दोन उपकरणांपैकी किंचित मोठ्या आवाजात वाजणारे उपकरण कानाला सरस वाटते. दुकानातील प्रात्यक्षिकात अनेकांची फसगत येथेच होते. दोन्हींची पातळी शक्य तितकी सारखी करावी, ओळखीचे एकच गाणे लावावे आणि कोणते उपकरण चालू आहे हे दुसऱ्या व्यक्तीने लपवावे. दहा-बारा प्रयत्नांत निवड सातत्याने एकाच बाजूस झुकली, तरच तो फरक खरा मानावा.

दमट हवेतील निगा

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने उपकरणांची कसोटी पाहतात. फोमच्या टोप्या ओल धरतात, कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे सुटतात आणि खाऱ्या हवेत पिना गंजतात. वापरानंतर घाम पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास हेडफोन अधिक काळ टिकतो. एका कानात आवाज कमी येऊ लागला, तर दुरुस्तीपूर्वी इयरफोनच्या जाळीत मळ अडकला आहे का, हे पाहावे.

बदलता न येणारा भाग

या साखळीचा शेवट कानाशी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी सरासरी ८० डेसिबल पातळीवर आठवड्यास ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मुलांसाठी ती पातळी ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीबरोबर सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर तो आठवड्याला अवघा पाच तास उरतो. अंतर्कर्णातील संवेदनशील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ऐकल्यानंतर कानात गुंजन राहत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी.

म्हणून सुधारणेचा क्रम असा ठेवता येईल : आधी चांगले मुद्रण आणि योग्य फाइल, नंतर कानात नीट बसणारी टोपी, त्यानंतर ऐकण्याच्या जागेस साजेसा हेडफोन आणि गरज दिसली तरच डॅक वा ॲम्प्लिफायर. नवा प्लेयर या यादीत शेवटी येतो. साठवणुकीची जागा, बॅटरी वा बटणांची सोय यांसाठी तो जरूर घ्यावा. केवळ आवाज सुधारेल या आशेने घेण्याआधी हे चारही टप्पे तपासून पाहणे हिताचे.