बिनदारूची बिअर आणि आपली नीरा

हल्ली सुट्टीला आलेल्या नातवंडांपैकी कोणीतरी विचारतंच, "आजोबा, इथे झीरो बिअर मिळते का हो?" बिअर हवी पण दारू नको, हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांना हसू येतं. मला मात्र आपला जुना इतिहास आठवतो. पेय तेच, फक्त नशा वजा, हा प्रयोग पाऊणशे वर्षांपूर्वी आपल्याकडे सरकारी आशीर्वादाने झाला होता. त्याचं नाव नीरा.

मुंबई शहरात दारूबंदी आली १ ऑगस्ट १९३९ ला, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात. महायुद्ध सुरू झालं, त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग मागे पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. त्यामुळे विशाळगड जहागिरीचं आमचं मलकापूरही त्या कायद्याखाली आलं. एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी लागू झाली.

आता प्रश्न असा, की ताड, माड, शिंदी यांचा रस काढून पोट भरणाऱ्यांनी काय करायचं? गांधीजींनी आधीपासूनच ताडगुळाचा आणि नीरेचा पुरस्कार केला होता. तोच मार्ग इथे कामी आला. झाडावरून उतरणारा रस मुळात गोड असतो. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट त्यातल्या साखरेवर काम करू लागलं, की काही तासांत त्याची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा, पहाटेच रस उतरवायचा आणि थंड ठेवून लगेच विकायचा. सकाळी नीरा, दुपारी ताडी. झाड तेच, रस तोच, फरक फक्त घड्याळाचा.

याच सुमाराच्या थोडं आधी अमेरिकेतही असंच काहीसं झालं होतं. तिथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ज्यात अर्धा टक्का किंवा जास्त अल्कोहोल ते मादक, अशी कायद्याची रेघ होती. मग बिअरचे कारखानदार त्या रेघेखालची बिअर बनवू लागले. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. गंमत म्हणजे तो अर्धा टक्का अजून जिवंत आहे. आपल्या देशातल्या २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांतही अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तेच मद्य.

पुढे कारण बदललं. पूर्व जर्मनीत १९७२ मध्ये खास वाहनचालकांसाठी बिनदारूची बिअर निघाली, पश्चिम जर्मनीत १९७९ मध्ये क्लाउस्टालर आली. बिअर नेहमीसारखी बनवायची आणि हवेचा दाब कमी करून, फार न तापवता अल्कोहोल उडवायचं, किंवा आंबवण्याची क्रियाच मध्ये थांबवायची, अशा त्याच्या रीती. भारतात बडवायझर झीरो २०१९ मध्ये आली. आता मोठ्या शहरांतल्या किराणा मॉलमध्ये आणि घरपोच सामान देणाऱ्यांकडे असे डबे मिळतात. दारूच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

मग नीरेने ताडीची जागा का घेतली नाही? मला वाटतं, नीरेने तहान भागवली, पण बैठक दिली नाही. ताडी पिणारा संध्याकाळी चार माणसांत बसायला जायचा. नीरा सकाळी उभ्या उभ्या प्यायची आणि कामाला लागायचं. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला नशेइतकीच ही बैठक तोडणं जड जातं. आपल्याकडे गटारीला किंवा लग्नाच्या आदल्या रात्री न पिणाऱ्याला "एक घोट घे रे" म्हणून किती छळतात, ते सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी हातात डबा असला, की कोणी विचारत नाही. झीरो बिअरचा खरा उपयोग मला हाच दिसतो.

पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. डब्यावर "०.०" आहे की नुसतं "नॉन-अल्कोहोलिक", हे वाचून घ्यावं, कारण दुसऱ्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. काहींत साखरही बरीच असते, मधुमेहवाल्यांनी तेही पाहावं. आणि जो मोठ्या कष्टाने व्यसनातून बाहेर आला आहे, त्याला तोच वास, तीच चव जुनी आठवण करून देऊ शकते. त्याच्यापुढे आग्रहाने असा डबा ठेवू नये. त्याला कोकम सरबत द्यावं आणि आपणही त्याच्यासोबत तेच घ्यावं. बैठक मोडत नाही.