सनमायकातलं अभ्रक

विरार-नालासोपाऱ्यात नवा फ्लॅट घेतला की सुतार विचारणारच, "सनमायका कुठला लावायचा?" यावर आमच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "सासरच्या ओट्याखाली मायका हवाच की!" हिंदीत मायका म्हणजे माहेर. विनोद बरा होता, पण मंडळी, गंमत अशी की सनमायकात मायका नसतोच! मायका म्हणजे अभ्रक, आणि सनमायका म्हणजे राळेत भिजवून, तापवून, दाबून एकजीव केलेले कागदाचे थर.

मग हे नाव कुठून आलं? विजेच्या यंत्रांत प्रवाह अडवायला पूर्वी अभ्रक वापरत. 1913 च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी त्याला पर्याय काढला. 'फॉर मायका', म्हणजे मायकाच्या ऐवजी, म्हणून नाव पडलं 'फॉर्मायका'. टेबलांवर आणि कपाटांवर तो नंतर चढला. आपल्याकडचं सनमायका हेही मुळात एका ब्रँडचंच नाव, पण आता कुठल्याही कंपनीच्या पत्र्याला आपण तेच म्हणतो.

लॅटिनमध्ये 'मायका' म्हणजे कण, चुरा. आपल्या पूर्वजांना मात्र त्यात ढग दिसला. अभ्र म्हणजे ढग, आकाशही. पावसाळ्यात बातम्यांत 'अभ्राच्छादित' ऐकतो ना, तेच. मला विचाराल तर आपलं नाव सरस. रसशास्त्रवाले तर पुढे जाऊन अभ्रकाची अग्निपरीक्षा घेत. आगीत टाकलं की 'पिनाक' थर सोडतं, 'दर्दुर' बेडकासारखं ओरडतं, 'नाग' फुत्कारतं आणि 'वज्र' ढिम्म हलत नाही. भस्माला वज्रच घ्यायचं. जुन्या इस्त्रीतली तार अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळायचे, तेही याच गुणामुळे.

आपल्या वसईचा दगड काळा बेसाल्ट, त्यात अभ्रकाची खाण शोधून उपयोग नाही. महाराष्ट्रात ते कुडाळ तालुक्यात कडावलला आहे. पण देशात नाव झालं ते झारखंडातल्या कोडरम्याचं. तिथल्या बंद खाणींतून गरीब घरांतली माणसं 'ढिबरा', म्हणजे टाकाऊ अभ्रकाचे तुकडे, वेचतात. त्यांत मुलंही असतात. माती ढासळून मुलं दगावल्याच्या आणि त्या गुपचूप दडपल्या गेल्याच्या बातम्या 2016 साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने बाहेर काढल्या. हे तुकडे दळून रंगांत आणि सौंदर्यप्रसाधनांत चकाकीसाठी जातात. घरातली आयशॅडोची डबी उलटी करून पाहा. घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत 'मायका' बहुधा सापडेल, आणि तो मात्र खरा असतो.