रुग्णही डॉक्टरांचा शिक्षक : शिकाऊ डॉक्टर आले तर काय सांगाल?

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर राऊंडला येतात, मागे शिकणारी पोरं-पोरी. खाटेभोवती कोंडाळं होतं, इंग्रजीत चर्चा चालते आणि पेशंट नुसता बघत राहतो. आता काही देशांत वेगळी पद्धत आहे. तिथं पेशंट स्वतः शिकवतो.

सुरुवात कुठून?

१९६३ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस इथं डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी एका निरोगी व्यक्तीला आजाराची लक्षणं वठवायला शिकवलं आणि विद्यार्थ्यांना तिच्यावर तपासणीचा सराव दिला. पुढे खरे रुग्णही शिकवू लागले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जुनाट आजार किंवा अपंगत्व असलेली व्यक्ती विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाला वर्षाहून जास्त काळ शिकवते. एकाच गटात डॉक्टरकी, नर्सिंग अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी असतात.

आपल्याकडे काय?

वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं. तिथले विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात शिबिराला राहतात, त्यांना कुटुंबं वाटून दिली जातात. २०१९ पासून देशभरात एमबीबीएसला रुग्णाशी बोलणं-वागणं हा अभ्यासाचा भाग झाला. २०२२ मध्ये कुटुंब दत्तक योजनाही आली. त्यामुळे असे विद्यार्थी तुमच्याही दारात येऊ शकतात. नुसता फॉर्म भरून ते परत गेले, तर त्यांचंही नुकसान आणि आपलंही.

तुम्ही काय शिकवू शकता?

- सिकलसेलच्या पेशंटच्या कळा बाहेरून दिसत नाहीत. त्या कशा येतात, हे तोच सांगू शकतो.
- घरात फ्रीज नसेल, तर इन्सुलिन गार कसं ठेवता ते सांगा.
- गोळ्या मध्येच का सुटल्या? पैसे, एसटी, सुगी, खरं कारण असेल ते सांगा.
- डॉक्टरांचं कोणतं बोलणं समजलं नाही, कोणतं लागलं, तेही सांगा.

हक्क विसरू नका

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत संमती, गुप्तता आणि सन्मान हे हक्क आहेत. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल, तर सोबत स्त्री हवी. म्हणून विद्यार्थ्याला आधी विचारा, "तुमचं नाव काय? कितव्या वर्षाला आहात?" तपासू द्यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यापायी उपचार अडता कामा नयेत.

कृषी पदवीधर पुस्तक शिकून येतो, पण जमिनीचा पोत त्याला बांधावर शेतकऱ्याकडूनच कळतो. डॉक्टरचंही तसंच. आज आपण त्याला नीट सांगितलं, तर उद्या तो आपल्याच कुणाचं तरी नीट ऐकून घेईल.