टाउन हॉल ग्रंथालय, मुंबई (समांतर जगातील)

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेतील ग्रंथसंग्रह. ‘द ॲडव्हेंचर’ हे तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. पुढील तपशील त्या रूपानुसार आहेत.

मूळ वास्तू आपल्या ओळखीची : फोर्ट भागात हॉर्निमन सर्कलसमोर, १८३३ मध्ये पूर्ण झालेली, डोरिक खांबांची आणि रुंद पायऱ्यांची. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तिथेच आहे. कथेतली मुंबई मात्र ब्रिटिशांच्या ताब्यात आहे. १९०८ च्या तहाने मिळालेला तिचा भाडेपट्टा २००१ मध्ये संपायचा आहे. आपल्या जगातून अशा शहरात येऊन पडलेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे थेट ग्रंथालय गाठतात आणि स्वतःचीच पुस्तके मागवतात. इतिहासकाराला हेच शोभते.

त्यांच्या भारतेतिहासाचे पाच खंड टेबलावर येतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतच्या पहिल्या चार खंडांत काहीच वेगळे नाही. पाचवा खंड ते दोन्ही टोकांकडून वाचत आत येतात आणि पानिपतच्या लढाईवर थांबतात. या खंडात मराठे जिंकले आहेत, अब्दाली काबूलकडे पळाला आहे. पुढे पेशव्यांनी दिल्लीची पातशाही नावापुरती राखली, विज्ञानाची केंद्रे उभारली आणि विसाव्या शतकात कारभार लोकनियुक्त मंडळांकडे गेला. विजयानंतरच्या नुसत्या जल्लोषावर न थांबता संस्था कशा घडल्या असत्या याचा विचार नारळीकर करतात, हे या संग्रहाचे खरे मोल. पेशवाईच्या हातून इतके सुरळीत आधुनिकीकरण झाले असते का, ही शंका मात्र उरते.

विजयाचे कारण खंडात सापडत नाही. ते मिळते ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त, म्हणजे ज्या प्रकारच्या साधनावर पंतांचा फारसा विश्वास नाही तिथेच. जेमतेम तीन ओळी : पेशव्यांचा मुलगा विश्वासराव याच्या कानाजवळून गोळी गेली, तिळभराने तो वाचला. आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ रोजी तो गोळी लागून पडला आणि मराठी फौजेचा धीर सुटला.

रात्री आठला ग्रंथालय बंद होते. निघताना पंत टिपणांबरोबर बखरही नकळत खिशात टाकतात. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर हक्क सांगायला गेल्याने जमाव त्यांच्यावर तुटून पडतो आणि त्या गडबडीत बखर हरवते. फाडलेले एक पान तेवढे त्यांच्याबरोबर आपल्या जगात येते.

राजेंद्र देशपांडे हे पात्र त्या पानाचा उलगडा कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजभौतिकी यांच्या आधारे करते. निर्णायक क्षणी सूक्ष्म फरकाने घटनाक्रमाला वेगळे वळण लागते, अशी ही मांडणी. जगे अनेक असू शकतात, ही कल्पना ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडली होती. पण एक माणूस एका जगातून दुसऱ्यात जातो आणि कागद घेऊन परततो, याला भौतिकशास्त्रात आधार नाही. ती लेखकाने घेतलेली मुभा आहे.