अभिजात मोटारींच्या पेडल संचातील फेरबदल

पेडल संच म्हणजे मोटारीतील ब्रेक व क्लच यांची पेडले, त्यांची खीळ, आधारपट्टी, परतीची स्प्रिंग आणि मास्टर सिलिंडरला ढकलणारा दांडा यांची एकत्रित जुळणी. जुन्या मोटारींत डिस्क ब्रेक, दुहेरी मास्टर सिलिंडर किंवा वेगळा गिअरबॉक्स बसवताना या संचात फेरबदल करावे लागतात.

रचना

जुन्या मोटारींपैकी अनेकांत पेडले तळफळीतून वर येतात व मास्टर सिलिंडर फळीखाली असतो. नंतरच्या मोटारींत पेडले वरून टांगलेली असतात आणि सिलिंडर इंजिनकक्षाच्या भिंतीवर असतो. तेथे तो चिखलपाण्यापासून दूर राहतो व तेलाची पातळी तपासणे सोपे जाते. मात्र भिंतीचा पत्रा लवचिक असल्यास पेडल दाबताना तो वाकतो, म्हणून त्याला आतून जाड पट्टीचा आधार द्यावा लागतो.

पेडल गुणोत्तर

खिळीपासून पावलाच्या पट्टीपर्यंतच्या अंतराला खिळीपासून दांड्यापर्यंतच्या अंतराने भागल्यास पेडल गुणोत्तर मिळते. बूस्टर नसल्यास ते साधारण ६:१, तर बूस्टर असल्यास ४:१ च्या आसपास ठेवतात. पायाचा जोर २० किलो व गुणोत्तर ६:१ असल्यास दांड्यावर १२० किलो जोर येतो. सिलिंडरचा व्यास १९ मिमी असल्यास तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४२ किलो, तर २२ मिमी असल्यास सुमारे ३२ किलो होतो. मात्र तितकेच तेल ढकलण्यासाठी लहान सिलिंडरचे पेडल सुमारे एकतृतीयांश अधिक खोल जाते. त्यामुळे केवळ सिलिंडर बदलल्यास पेडल एकतर जड होते किंवा तळाला टेकते.

ब्रेकमधील बदल

ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या फिरण्यानेच पट्ट्यांची पकड वाढते. डिस्क ब्रेकला ही मदत नसल्याने अधिक दाब, आणि बहुधा बूस्टर, लागतो. एकेरी मास्टर सिलिंडरमध्ये एक नळी फुटल्यास चारही चाकांचे ब्रेक निकामी होतात. दुहेरी सिलिंडरमध्ये एक भाग चालू राहतो. दांडा व पिस्टन यांत थोडी मोकळी जागा आवश्यक असते. ती नसल्यास पाय काढल्यावरही तेल परत जात नाही, ब्रेक अडकून तापतात.

क्लचमधील बदल

क्लच दांड्यांनी, वायरने किंवा तेलाने चालवता येतो. गिअरबॉक्स बदलल्यावर दांड्यांची जागा जुळत नसल्यास तेलाची पद्धत सोयीची ठरते, कारण नळी हवी तशी वळवता येते. मास्टर व स्लेव्ह सिलिंडरांचे व्यास जुळले नाहीत तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलच्या हालचालीला मर्यादा घालणारा थांबा नसल्यास प्रेशर प्लेट गरजेपेक्षा अधिक दाबली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सने बनवलेली फियाट ११००, म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी, ही राज्यातील सर्वपरिचित जुनी मोटार होय. १०८९ घनसेंमी इंजिनाच्या या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. फियाटचा पुढील काळातील कारखाना शिरूर तालुक्यात, शिक्रापूरच्या पुढे रांजणगाव औद्योगिक वसाहतीत उभा राहिला.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. मात्र सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. त्यामुळे मूळ संच जपून ठेवून, पत्रा न कापता, पूर्ववत करता येईल असा बदल करणे इष्ट ठरते.