पलटणीतील पूर्वज आणि त्यांच्या नोंदी

'आजोबा पलटणीत होते' हे वाक्य आपल्या कित्येक घरांत ऐकू येते. कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, या प्रश्नास मात्र सहसा उत्तर मिळत नाही. ज्या समाजाला लेखणी नाकारली गेली, त्याच्या पूर्वजांची नावे लष्कराच्या दप्तरात लिहिली गेली. म्हणून हा शोध केवळ घरगुती जिज्ञासेचा विषय नव्हे.

पहिली अडचण नावाची. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. आजचे आडनाव तेथे शोधणे व्यर्थ होय. दुसरी अडचण जिल्ह्याची. सिंधुदुर्गातील गाव १९८१ पूर्वीच्या कागदात रत्नागिरीत आढळेल, रायगडातील गाव कुलाब्यात. तेव्हा पित्याचे नाव, गाव आणि तालुका ही माहिती आधी वडीलधाऱ्यांकडून टिपून घ्यावी.

काळही ताडून पाहावा. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. या रेजिमेंटमधील सैनिकाच्या वारसाने सागर (मध्य प्रदेश) येथील अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते. महायुद्धात कामी आलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत पाहता येतात. नावाहून शिपाई क्रमांक अधिक विश्वसनीय असतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर तो कोरलेला असे. म्हणून जुनी पदके मोडीत घालू नयेत, घासून गुळगुळीतही करू नयेत.

नोंद हाती आली की जातीचा रकाना समोर येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण ती ओळख टाकली. तथापि साधनातील शब्द झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही. ज्यांनी सेवा घेतली त्यांनीच पुढे दार बंद केले, याचाही पुरावा अशाच कागदांतून मिळतो. बाबासाहेबांचे पिता सुभेदार रामजी आणि पितामह मालोजी हेही फौजेतच होते. लष्करी शाळेतून त्या घरात अक्षर आले.

अंगुत्तर निकायात आधी उपकार करणारा 'पुब्बकारी' आणि तो उपकार जाणून फेडणारा 'कतञ्ञू कतवेदी' असे दोन पुद्गल जगात दुर्लभ म्हटले आहेत. पहिले आपल्या घरात होऊन गेले. दुसरे होणे आपल्या हाती आहे, आणि त्याचा आरंभ एका अर्जाने होऊ शकतो.